आधी चेन, मग टायर: सिएरा नेवाडाच्या बर्फासाठी पिकअप ट्रकची तयारी

सॅक्रमेंटोहून आय-८० हायवेने रीनोच्या दिशेला निघालं की दीडेक तासात रस्ता जवळजवळ समुद्रसपाटीवरून ७,२३९ फुटांवर, सिएरा नेवाडाच्या डॉनर समिट खिंडीला जाऊन पोचतो. जानेवारीत खाली साधा पाऊस असतो, मधे कोलफॅक्सच्या आसपास गारठा, आणि वर तासाला दोन-तीन इंच बर्फ. फॉल्सम, फ्रीमाँट, सॅन होजेच्या मराठी घरांतून आता बरेच पिकअप ट्रक दिसतात आणि हिवाळ्यात ते ताहो सरोवराला जातातच. ट्रक उंच आहे, फोर-बाय-फोर आहे, म्हणून बर्फाची चिंता नाही, हा समज त्यांच्याबरोबर वर जातो. फोर-बाय-फोर गाडी पुढे ढकलायला मदत करतं. थांबवायला आणि वळवायला ते काहीही करत नाही. ते काम टायरच्या रबराचं आणि वेळ आली तर चेनचं, म्हणजे टायरभोवती घालायच्या लोखंडी साखळ्यांचं.

आमचा ट्रक हाफ-टन, म्हणजे हलक्या पिकअपच्या वर्गातला, कारखान्यातून २७५/५५ आर २० टायर (रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ५५ टक्के, रिम २० इंची) लावून आलेला. त्याची हिवाळी जुळवाजुळव ज्या क्रमाने केली त्याच क्रमाने इथे लिहितो, कारण सगळी मेख क्रमात आहे. बहुतेक लोक आधी टायर घेतात आणि मग त्यावर बसेल अशी चेन शोधत फिरतात. खरं तर चाकाभोवती चेनला किती जागा आहे ते आधी पाहायचं, त्यावरून टायरचा साइज ठरवायचा, आणि टायर बसल्यावर त्या टायरच्या मापाची चेन घ्यायची.

पहिलं काम गाडीचं मॅन्युअल उघडण्याचं. आमच्या मॅन्युअलमध्ये २० इंची रिमच्या टायरवर चेन लावू नये असं स्पष्ट छापलेलं आहे. १८ इंची रिमवर चालते, तीही फक्त मागच्या चाकांना आणि फक्त ‘क्लास एस’ची. हे नुसतं वकिली कलम नाही. २७५/५५ आर २० टायरची बाजूची भिंत साधारण १५१ मिलिमीटर, तर २७५/६५ आर १८ ची १७९. भिंत बुटकी असली की चेनची बाजूची साखळी रिमच्या कडेवर चढते, अलॉय खरवडते आणि सैल पडते. दोन्ही टायरचा बाहेरचा व्यास मात्र जवळजवळ सारखा, ८१० आणि ८१५ मिलिमीटर. त्यामुळे १८ वर उतरलं तरी स्पीडोमीटर आणि गिअरचं गणित बिघडत नाही.

हे वर्ग म्हणजे चेनसाठी चाकाभोवती लागणाऱ्या मोकळ्या जागेची मापं. ‘क्लास एस’ला टायरच्या माथ्यावर ३७ मिलिमीटर आणि आतल्या भिंतीपाशी १५ मिलिमीटर जागा लागते. ‘क्लास यू’ला ५० आणि २३. ‘क्लास डब्ल्यू’ला, म्हणजे जाड कड्यांच्या जड चेनला, ६४ आणि ३८. मॅन्युअलमधला आकडा कारखान्याच्या टायरपुरता आणि कारखान्याच्या उंचीपुरता खरा असतो. पुढून ट्रक उचलणारं लेव्हलिंग किट लावलं असेल किंवा रुंद टायर टाकले असतील, तर तो आकडा विसरायचा आणि स्वतः मोजायचं.

मोजायला आम्ही ३७ आणि १५ मिलिमीटर जाडीचे लाकडी ठोकळे कापून घेतले. ट्रकच्या हौद्यात वजन टाकलं, म्हणजे स्प्रिंग दबतात आणि खड्ड्यात होईल तशी परिस्थिती थोडीफार तयार होते. मग जाड ठोकळा टायरच्या माथ्यावरून आणि पातळ ठोकळा आतल्या भिंतीजवळून चारी बाजूंनी फिरवला. मागच्या चाकांना शॉक अब्सॉर्बरचा नळा, ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर बघायची. पुढच्या चाकांना स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून वरच्या कंट्रोल आर्मचा बॉल जॉइंट बघायचा. पुढे बहुतेक हाफ-टन ट्रक नापास होतात ते इथेच. ठोकळा अडकला तिथे चेन लागणार, हे नक्की. शिवाय ताशी ३० मैलांना चेन बाहेर फेकली जाते आणि जागेवर उभ्या ट्रकमध्ये दिसते त्याहून जास्त जागा खाते. ब्रेकची नळी तुटायला एक सुटलेली कडी पुरते.

अशा रीतीने साइज ठरला: २७५/६५ आर १८. २६५/७० आर १७ हा साइज बर्फाला आणखी बरा. जरा अरुंद, भिंत १८५ मिलिमीटरची, व्यास ८०३. पण १७ इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरवर बसते का, हे त्या ट्रकवर रिम प्रत्यक्ष चढवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. बर्फाला टायर रुंद असावा ही समजूत वाळूतून आलेली आहे. रस्त्यावरच्या चार-सहा इंच भुसभुशीत बर्फात अरुंद टायर खाली कापत जातो आणि त्याला पकड मिळते. रुंद टायर बर्फावर तरंगतो आणि पुढे बर्फाचा ढीग ढकलत राहतो.

मग टायर कोणता? इथे बाजारातले शब्द आणि टायरवरच्या खुणा यांत बरीच गल्लत होते. ‘एम+एस’ ही खूण टायरच्या नक्षीवरून मिळते. खाचा अमुक इतक्या रुंद आणि अमुक कोनात असल्या की झालं, बर्फावर चाचणी होत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण काढलेली जी खूण असते, ती १९९९ मध्ये आली आणि तिच्यासाठी दाबलेल्या बर्फावर चाचणी द्यावी लागते. त्यात ठरलेल्या प्रमाण-टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त पकड दिसावी लागते. पण ती चाचणी वेग घेतानाच्या पकडीची असते. ब्रेकची नाही, वळणाची नाही, आणि काचेसारख्या बर्फाची तर नाहीच. म्हणून डोंगराची खूण असलेला ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हींवर चालणारा) टायर आणि खरा हिवाळी टायर यांना एकाच पंगतीत बसवू नये. मड-टेरेन टायर तर या कामाला सगळ्यात वाईट. त्याचे मोठाले ठोकळे चिखलात छान चालतात, पण त्यांवर बारीक चिरा नसतात, आणि बर्फाला धरतात त्या चिराच.

नक्षीपेक्षा महत्त्वाचं आहे रबर. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं मिश्रण शून्याच्या बरंच खालीही मऊ राहतं. बर्फ सगळ्यात निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० वर तोच बर्फ कोरडा आणि त्या मानाने बराच पकडदार होतो. सिएराचा बर्फ जवळजवळ नेहमी शून्याच्या आसपासचाच. पॅसिफिकवरून येणारा, ओला, जड. स्थानिक लोक त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात. दिवसा त्याचा रेंदा होतो आणि संध्याकाळी पाच-सहानंतर तोच रेंदा चाकोऱ्यांत गोठतो. म्हणून या रस्त्यासाठी टायरला दोन गोष्टी हव्यात: रेंदा बाहेर फेकायला रुंद खाचा, आणि गोठलेल्या चाकोरीसाठी चिरांनी भरलेलं मऊ रबर. कोलोरॅडोच्या कोरड्या भुकटी बर्फाचे अनुभव इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

खिळ्यांच्या टायरचा विचार आम्ही केला आणि सोडला. ओल्या बर्फावर ते उत्तमच, पण डॉनरच्या वाटेवर शंभरातले सत्तर-ऐंशी मैल उघडा डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता असतो. तिथे ते आवाज करतात, ब्रेकचं अंतर वाढवतात आणि स्वतःही झिजतात. शिवाय कायद्याची मुदत राज्याराज्यांत वेगळी. कॅलिफोर्नियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल, नेवाडात १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, वॉशिंग्टन आणि ओरेगनमध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. ट्रकी किंवा साउथ लेक ताहोला वस्ती असेल तर खिळ्यांचं गणित बदलतं.

उरले दोन पर्याय, आणि निवड राहण्याच्या जागेवरून होते. डोंगरात राहणाऱ्याने हिवाळी टायरचा स्वतंत्र संच स्वतंत्र रिमवर घ्यावा: ब्लिझॅक, हाक्कापेलीटा, एक्स-आइस यांपैकी जो मापात मिळेल तो. खोऱ्यात राहून शनिवार-रविवारी वर जाणाऱ्याला मात्र हे टायर महाग पडतात. सॅक्रमेंटोत डिसेंबरच्या दुपारीही पारा १२-१३ अंशांवर असतो, आणि त्या उबेत, हायवेच्या वेगात, मऊ रबर भराभर झिजतं. आम्ही दुसऱ्या गटातले, म्हणून डोंगराची खूण असलेला ऑल-टेरेन घेतला आणि उरलेली जबाबदारी चेनवर टाकली. या वर्गात फॉल्कन वाइल्डपीक ए/टी३डब्ल्यू, टोयो ओपन कंट्री ए/टी ३, बीएफगुडरिच केओ२ हे सगळे खूण मिळवलेले टायर आहेत. यांत चिरा किती दाट आहेत आणि टायर झिजल्यावर त्या किती खोलवर टिकतात, हे दुकानात टायर हातात घेऊन बघावं. काहींच्या चिरा वरच्यावर असतात, अर्धा टायर झिजला की संपतात. हिवाळी टायरमध्येही असं असतं: ब्लिझॅकचं खास सच्छिद्र रबर वरच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंतच आहे, त्याखाली साधं रबर लागतं.

एकाच साइजमध्ये साधा, म्हणजे प्रवासी वर्गाचा टायर आणि ‘एलटी’ (लाइट ट्रक) टायर असे दोन प्रकार मिळतात. यात विक्रेते हमखास जड टायर गळ्यात मारतात. २७५/६५ आर १८ चा साधा टायर ११६ भारांकाचा, म्हणजे कागदावर १,२५० किलो. पण प्रवासी वर्गाचा टायर पिकअपवर लावला की त्या आकड्याला १.१० ने भागायचं असतं, म्हणजे खरे १,१३६. त्याच मापाचा ‘एलटी’, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) ‘ई’, ८० पीएसआय हवेच्या दाबाला १,५५० किलो पेलतो. ऐकायला छान वाटतं. पण रिकाम्या हाफ-टनवर त्याची जाड भिंत वाकत नाही, चाक जड होतं, आणि ३५ पीएसआयवर तो साध्या टायरइतकंही वजन उचलत नाही. त्यात हवा जास्त ठेवावी लागते आणि मग रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. ट्रेलर ओढायचा नसेल तर हाफ-टनला साधा टायर बरा. ओढायचा असेल तर लोड रेंज ‘सी’ मिळतो का ते आधी पाहावं. पाऊण-टन आणि एक-टन ट्रकना ‘एलटी’ हवाच, तिथे चर्चा नाही.

चारही टायर एकाच जातीचे आणि एकाच झिजेचे हवेत. फक्त मागे चांगले टायर घालून पैसे वाचवले तर उतारावर पुढचं चाक सरळ जातं. फक्त पुढे घातले तर वळणावर मागचा भाग पुढे येतो. शिवाय फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या-मागच्या टायरचा घेर वेगळा असला की ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, ताण येतो.

खोली मापायला पाच-सात डॉलरचं गेज घ्यावं. कॅलिफोर्नियाच्या नियमात स्नो टायर म्हणून चालायला ‘एम+एस’ची किंवा डोंगराची खूण आणि निदान ६/३२ इंच खोली लागते. १/३२ च्या खाली गेला की तिथे टायर कायद्याने बाद होतो, पण बर्फापुरता तो त्याच्या फार आधी गोटा झालेला असतो. बनल्याची तारीखही बघावी. भिंतीवरच्या ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. स्वस्तात मिळालेला पाच-सहा वर्षांचा ‘नवा’ टायर बर्फाला घेऊ नये, रबर दुकानातही कडक होतं.

हवेबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. दर दहा अंश फॅरेनहाइटला साधारण एक पीएसआय दाब उतरतो, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या हिशेबाने खाली १५ अंश सेल्सियसला भरलेले ३५ पीएसआय उणे १२ ला ३० वर यायला हवेत. पण डॉनर समिटवर बाहेरच्या हवेचाच दाब १४.७ वरून ११.२५ च्या आसपास आलेला असतो, आणि गेज बाहेरच्या तुलनेतला दाब दाखवतं. हिशेब मांडला तर वर ३४ च्या जवळपास वाचन येतं. म्हणजे उंची थंडीची भरपाई करते, आणि खाली गार टायरमध्ये दारावरच्या पट्टीवर दिलेला दाब बरोबर भरला असेल तर वर जाऊन काही करायचं नसतं. गडबड होते ती दुपारी गाडी चालवून गरम झालेल्या टायरमध्ये हवा भरल्याने. बर्फासाठी हवा कमी करावी हा सल्ला वाळूचा आहे, हायवेवर पाळू नये. चेन लावायची असेल तर मुळीच नाही, कारण सैल टायरवर चेन सरकते.

आता चेन. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटाच्या हॅरी वीडने १९०४ मध्ये टायरच्या चेनचं पेटंट घेतलं. लोक चिखलातून जायला चाकाला दोर गुंडाळत, त्यावरून त्याला ते सुचलं असं सांगतात. पहिला हिवाळी टायर त्यानंतर तीस वर्षांनी, १९३४ मध्ये फिनलंडमध्ये आला, आणि तोही ट्रकसाठीच होता. इतक्या वर्षांनंतरही काचेसारख्या बर्फाच्या चढावर लोखंडाला तोड नाही.

बाजारात मुख्य प्रकार तीन-चार. केबल: तारेच्या दोरावर लोखंडी नळ्या ओवलेल्या. हलकी, स्वस्त, ‘क्लास एस’च्या जागेत बसते, पण खोल बर्फात तिची पकड कमी आणि तार एकदा उसवली की दुरुस्ती नाही. शिडीची चेन: आडव्या साखळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या. मजबूत, पायरी तुटली तर रस्त्यात बदलता येते. तिचा दोष असा की दोन पायऱ्यांच्या मधे नुसतं रबर टेकतं आणि त्या क्षणी चाक आडवं घसरू शकतं. चौकटीची, म्हणजे डायमंड नक्षीची चेन: तिचं लोखंड कायम रस्त्याला लागलेलं असतं, त्यामुळे चाल गुळगुळीत आणि आडवी पकड चांगली. आणि व्ही-बार: शिडीच्या कड्यांवर व्ही आकाराचे तुकडे वेल्ड केलेले. बर्फ अक्षरशः खोदते, पण तिला जागा जास्त लागते.

पाऊण-टनवर जागा असेल तर कॅम (किल्लीने फिरवून चेन ताणायच्या खिट्ट्या) लावलेली शिडीची व्ही-बार घ्यावी. आमच्या ‘क्लास एस’च्या मर्यादेत केबल किंवा कमी जाडीची डायमंड एवढेच पर्याय होते. डायमंड घेतली. डबीवर टायरच्या मापांची यादी असते, त्यात आपलं माप जसंच्या तसं दिसलं पाहिजे. २७५/६५ आर १८ आणि एलटी २७५/६५ आर १८ यांना कधी कधी वेगळा क्रमांक लागतो. नव्या ऑल-टेरेनचे खांद्यावरचे ठोकळे बाहेर आलेले असतात, म्हणून यादीच्या काठावरचं माप असेल तर एक नंबर मोठी चेन बघावी. परत घेण्याच्या अटीही वाचाव्यात. न वापरलेली चेन हंगामाअखेर परत घेणारी दुकानं आहेत.

पहिल्यांदा चेन घालायची ती घरच्या ड्राइव्हवेवर, कोरड्यात, दिवसा. मॅन्युअल मागची चाकं सांगतं म्हणून मागेच. पुढे घातली तर ब्रेक आणि वळण सुधारतं खरं, पण उतारावर मागचा भाग पुढे यायला बघतो. चारही चाकांना जागा असेल तर चारींना घालणं सगळ्यात उत्तम.

डायमंड चेनला आतल्या बाजूसाठी लवचीक तारेचं कडं असतं, त्यामुळे गाडी पुढेमागे करावी लागत नाही. चेन जमिनीवर पसरून आधी पीळ काढायचा. एकही कडी उलटी असली तर नंतर ताण बसत नाही. कडं उघडून टायरच्या मागून जमिनीलगत आत सरकवायचं, दोन्ही टोकं वर आणून टायरच्या माथ्यावर एकमेकांत अडकवायची आणि कडं आतल्या भिंतीकडे ढकलून द्यायचं. मग बाहेरचा आकडा (हुक) लावायचा. शेवटी ताण देणारी साखळी कुलपाच्या पट्टीतून ओढायची, समोरच्या कडीतून फिरवून परत आणायची आणि उरलेलं टोक अडकवून टाकायचं. चेन टायरवर मध्यभागी बसली आहे का, हे आत हात घालून चाचपून बघायचं. बाहेरून छान दिसणारी चेन आतून अर्धी खाली उतरलेली असू शकते. चेन फिरवायला जागा मिळत नसेल तर जॅक लावू नये. घसरत्या जमिनीवर जॅक हा अपघाताचा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

शिडीच्या चेनला आत आकडा आणि बाहेर कॅम असतात. चेन टायरवर टाकताना आडव्या साखळ्यांच्या आकड्यांची उघडी तोंडं बाहेरच्या बाजूला राहिली पाहिजेत, आत वळली तर ती टायरची भिंत कापतात. आतला आकडा आधी लावायचा, हाताने ओढून मिळेल तेवढा घट्ट. आत आणि बाहेर सारख्याच कड्या सोडायच्या. मग बाहेरची कडी, मग किल्लीने प्रत्येक कॅम फिरवायचा, गोल फिरत आळीपाळीने. एकच पूर्ण आवळून पुढचा घेतला तर चेन तिरकी होते. रबरी ताणपट्टी वरून घालतात ती सैलपणा खायला. कॅमचं काम तिच्यावर सोपवू नये. आणि ज्या चेनला आपोआप ताण देणारी यंत्रणा आहे, तिच्यावर ती घालावी की नाही हे चेनच्या माहितीपत्रकात बघावं. उरलेल्या कड्या मोठ्या कटरने कापून टाकाव्यात. लोंबणारी कडी मडगार्डच्या आतलं सगळं फोडत जाते.

कुठल्याही चेनला पहिल्या शंभर-दीडशे फुटांनंतर थांबून पुन्हा आवळावं लागतं, कारण ती टायरच्या खाचांत बसते आणि सैल पडते. आणखी पाव मैलानंतर एकदा. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि थंडीत उतरायचा कंटाळा करून सगळे टाळतात. चेन तुटण्याचं पहिलं कारण हेच. दुसरं कारण वेग. तिसरं, बर्फात चाक भरभर फिरत राहणं. फिरतं चाक एकदम उघड्या डांबराच्या तुकड्यावर आलं की सगळा झटका एका आडव्या साखळीवर येतो. आतून ठप्-ठप् असा तालात आवाज यायला लागला म्हणजे काहीतरी सुटलं आहे. तेव्हा पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत ताशी ५-१० मैलांनी जायचं आणि बघायचं.

डॉनरवर चेनच्या नियमाच्या तीन पायऱ्या आहेत. ‘आर-१’: चेन किंवा ड्राइव्ह अ‍ॅक्सलला (इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना) स्नो टायर लागतात, फोर-बाय-फोरला सूट. ‘आर-२’: सगळ्यांना चेन, फक्त चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-बाय-फोर आणि ऑल-व्हील गाड्यांना सूट. पण चेन त्यांच्याही जवळ असलीच पाहिजे, आणि ती त्यांच्या टायरच्या मापाची हवी. ‘आर-३’: कुणालाही सूट नाही. पण बहुतेकदा तिथपर्यंत जाण्याआधीच रस्ता बंद होतो. ट्रेलर ओढत असाल तर ट्रकच्या एका ड्राइव्ह अ‍ॅक्सलला चेन लागते, आणि ट्रेलरला ब्रेक असतील तर त्याच्याही निदान एका अ‍ॅक्सलला. चेनच्या टप्प्यात वेगमर्यादा ताशी २५ किंवा ३० मैल असते. कॅलट्रान्सच्या, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याच्या, क्विकमॅप या ऑनलाइन नकाशावर चेन तपासणीचा नाका कुठे लागला आहे ते निघण्यापूर्वी दिसतं, पण नाका वादळाबरोबर सरकतो.

नियमात बसणं आणि बर्फात सुरक्षित असणं यांत बरंच अंतर आहे. ‘आर-२’ला आमचा ट्रक ऑल-टेरेनवर चेनशिवाय कायद्याने जातो. रात्री, गोठलेल्या चाकोरीत, ट्रकीकडच्या उतारावर आम्ही तरी तो तसा नेत नाही. नाक्यावर सूट मिळाली म्हणून चेन पेटीतच ठेवायची, असं काही नाही. उतारावर आंबेनळी घाटात उतरतो तसा गिअर खाली ठेवावा, ब्रेकवर पाय दाबून धरू नये. इंजिनचा ब्रेकही हळूच येऊ द्यावा. दोन गिअर एकदम खाली टाकले तर मागची चाकं तिथेच अडखळून घसरतात.

चेन घालायला ‘चेन्स रिक्वायर्ड’ पाटीनंतरची खास जागाच वापरावी. हायवेच्या कडेला, वळणावर तर नाहीच. नाक्याजवळ बिल्ला लावलेले परवानाधारक लोक पैसे घेऊन चेन चढवून देतात. त्यांना चेन विकायची परवानगी नसते, म्हणजे चेन आपली लागते. ट्रकमध्ये चेनबरोबर काय असावं: रबर चढवलेले जलरोधक हातमोजे, कपाळाला लावायचा दिवा, गुडघ्याखाली घालायला चटई, चमकणारं जाकीट, फावडं, पक्कड, दोन-चार जोडकड्या आणि चाकाखाली घालायचे दोन ठोकळे. लोकरीचे हातमोजे दोन मिनिटांत भिजतात आणि मग बोटं चालत नाहीत.

रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं असतं. दीडशे-दोनशे किलो वाळूच्या पिशव्या हौद्यात टाकाव्यात, पण मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर आणि पट्ट्याने बांधून. टेलगेटशी टाकल्या तर तरफेने पुढचं टोक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. न बांधलेली पिशवी ब्रेक लागला की केबिनवर येते. हे वजन ट्रकच्या भारक्षमतेतून वजा होतं, हेही धरावं. अडकलात तर तीच वाळू चाकाखाली टाकायला कामी येते. खोल बर्फातून सुटताना ट्रॅक्शन कंट्रोल थोडा वेळ बंद करावा लागतो, नाहीतर ते दर वेळी इंजिनची ताकद काढून घेतं. बाहेर पडलात की लगेच चालू करावं.

उघडा रस्ता लागला की चेन लगेच काढायची. कोरड्या डांबरावर ती भराभर झिजते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, हलका तेलाचा हात मारून ठेवावी. रस्त्यावरचं मीठ पिशवीत राहिलं तर पुढच्या नोव्हेंबरमध्ये आकडे गंजून जाम झालेले सापडतात. वाळवताना प्रत्येक आडवी साखळी बघावी. ज्या कडीची जाडी निम्म्यावर आली ती बदलावी, आणि दोन-तीन शेजारच्या कड्या एकदम झिजल्या असतील तर पुढच्या हंगामाला नवी चेन घ्यावी.

स्वतंत्र हिवाळी संच असेल तर पारा सातत्याने ७ अंशांच्या वर राहू लागला की तो उतरवावा. चाकांच्या नटांना टॉर्क पान्याने मॅन्युअलमधला आकडा द्यावा. बऱ्याच हाफ-टन ट्रकना तो १४०-१५० फूट-पाउंड असतो. ५०-१०० मैलांनी पुन्हा तपासावा. दुसऱ्या रिमवर दाबाचे सेन्सर नसतील तर डॅशबोर्डवरचा दिवा हिवाळाभर जळत राहतो आणि खरी हवा गेलेली कळत नाही, म्हणून सेन्सर त्याच वेळी बसवून घ्यावेत. रिमवर चढवलेले टायर आडवे रचून, काळ्या पिशवीत, गॅरेजमधल्या विजेच्या मोटरींपासून दूर ठेवावेत. मोटरच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबराला भेगा पाडतो. रचण्याआधी खडूने लिहावं कोणतं चाक कुठलं होतं, म्हणजे पुढच्या वेळी पुढचे मागे आणि मागचे पुढे घालता येतात.